नवी पद्धत, जुने समुपदेशक आणि एक वाफा

प्रश्न असा आला आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका तीस खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक आहेत, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन दोनच वर्षं झालीत. केंद्रातल्या चौघांना जानेवारीत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (दटावण्याऐवजी विचारत, ऐकून घेत पेशंटला स्वतःच बदलाकडे आणायची बोलण्याची पद्धत) दोन दिवसांच्या वर्कशॉपला पाठवलं. सगळ्यांना आवडलं, फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं. आता चार महिने झाले, काम मात्र पहिल्यासारखंच चालू आहे. संचालक म्हणतात, 'आपल्या लोकांची मानसिकताच नाही.' तिथले सगळ्यांत ज्येष्ठ काका स्वतः अठरा वर्षं सोबर आहेत, म्हणजे दारू सोडून आहेत. ते म्हणतात, 'ऐकायला गोड आहे, पण गोड बोलून कुठला दारुडा सुधारलाय?' तर अनुभवी लोक खरंच नव्याच्या विरोधात असतात का? नवी पद्धत सक्तीची करावी का? की मीच दुसरी नोकरी बघावी?

शेवटच्याचं उत्तर आधी देते. चार महिन्यांत कुठे निघालात? बसा जरा.

मी १९९७ सालापासून पुण्यात या कामात आहे. पहिली बारा वर्षं वॉर्डात गेली, त्यानंतर मुख्यतः इतरांची सेशन्स ऐकून त्यांच्याशी त्याबद्दल बोलते. तुमच्या काकांसारखे बरेच काका मी पाहिलेत. खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मीच 'काका' होते.

तेव्हा आमच्याकडे 'हॉट सीट' असायची. सगळ्यांनी गोल करून बसायचं, मध्ये एक खुर्ची. खुर्चीतल्या माणसाने घरच्यांना काय काय भोगायला लावलं ते एकेकाने त्याच्या तोंडावर सांगायचं, तो रडेपर्यंत. रडला की आम्ही बाहेर येऊन म्हणायचो, 'आज फुटला.' त्या दिवशी चहाला सगळे खुशीत. हा प्रकार कुठून आला याचा आम्हाला पत्ता नव्हता. कॅलिफोर्नियात १९५८ साली चार्ल्स डेडरिक नावाच्या, स्वतः दारू सोडलेल्या माणसाने सिनॅनॉन नावाची संस्था काढली. तिथे 'गेम' नावाचा गट बसायचा आणि त्यात लोक एकमेकांवर तुटून पडायचे. त्या संस्थेचं पुढे फार वाईट झालं, पण तुटून पडण्याची रीत या हातातून त्या हातात जात जगभरच्या केंद्रांत पोचली. आमच्यापर्यंत आली तोवर तिच्यावर कुणाचंच नाव उरलं नव्हतं. 'व्यसनी माणसाशी असंच बोलावं लागतं', बस.

मला ती सोडायला सहा-सात वर्षं लागली. वर्कशॉपं तोवर तीन झाली होती, त्यांनी काही झालं नाही. एकदा ऑडिटसाठी फॉलोअपची रजिस्टरं चाळत बसले होते. ज्यांना आम्ही सगळ्यांत जास्त 'फोडलं' होतं, त्यांच्या नावापुढे महिनाभरानंतरचे रकाने बहुतेक रिकामे दिसले. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हती. पण अक्षर माझंच होतं आणि रिकामे रकानेही माझेच होते.

आता 'मानसिकता'. ही मोजायची एक पट्टी आहे. ग्रेगरी एरन्स या अमेरिकी संशोधकांनी २००४ साली ती प्रसिद्ध केली. मुळात ती मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्यांसाठी होती, मग इतर क्षेत्रांत गेली. तिच्यात १५ विधानं आणि चार बाजू आहेत: नवं करून पाहायचा मोकळेपणा किती, ती पद्धत मनाला कितपत भावते, वरून आदेश आला तर कराल का, आणि संशोधकांचं म्हणणं आपल्या अनुभवापुढे फिकं वाटतं का. मी तिचं कच्चं मराठी करून दोन केंद्रांत भरून घेतली होती. मोकळेपणाचे गुण सगळ्यांचे भरभरून. साहजिक आहे. संचालकांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर 'मला नवीन शिकायला आवडत नाही' असं कोण लिहील? एका केंद्रात तर एकाने शेजाऱ्याचं बघून लिहिलं.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच वर्षी अमेरिकेतच छापून आली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ज्यांनी १९८३ साली पहिल्यांदा मांडलं, त्या विल्यम मिलर यांनीच आपलं प्रशिक्षण तपासायला घेतलं होतं. व्यसनोपचारात काम करणाऱ्या १४० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाच गट केले. एका गटाला नुसतं वर्कशॉप. एकाला वर्कशॉपनंतर त्यांच्या स्वतःच्या सेशनच्या टेपवर अभिप्राय. एकाला फोनवरून सहा वेळा मार्गदर्शन, एकाला दोन्ही. पाचवा गट तोवर थांबलेला. ज्यांना अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालं त्यांचं कौशल्य नुसत्या वर्कशॉपवाल्यांपेक्षा वाढलं, हे कुणीही सांगितलं असतं. मला जे टोचलं ते वेगळंच होतं. 'मला ही पद्धत किती जमते' याबद्दल लोकांनी स्वतः जे लिहिलं, त्याचा आणि टेपवर जे ऐकू आलं त्याचा काही संबंधच लागला नाही.

म्हणजे तुमच्या चौघांनी 'उत्कृष्ट' लिहिलं ते खोटं नव्हतं, आणि 'आम्ही तसंच करतो' म्हणत असतील तर तेही खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच तसं वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून मी आता कुणालाच विचारत नाही, 'तुमची तयारी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं.

काकांकडे येते, कारण तुमचा प्रश्न खरा त्यांचा आहे.

काकांना तुम्ही काय सोडायला सांगताय ते बघा. तुम्हाला वाटतं, बोलण्याची एक ढब. त्यांच्यासाठी ती ढब म्हणजे अठरा वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्याशी जे बोललं ते. त्या माणसाने त्यांना खडसावलं आणि ते जगले. आता दोन दिवसांच्या स्लाइड्स दाखवून आपण सांगतो की खडसावणं चुकीचं होतं. मग त्यांचं सोबर राहणंही चुकूनच झालं का? असं कुणी बोलत नाही, पण ऐकू तसंच जातं. पदवीधर समुपदेशकाला नवी पद्धत म्हणजे आणखी एक सर्टिफिकेट असतं. काकांच्या बाबतीत त्यांचं सगळं चरित्रच पणाला लागतं.

आणि काकांच्या बारा पायऱ्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा (एए) दारू सोडण्याचा कार्यक्रम, कुणी हरवलेल्या नाहीत, हे त्या वर्कशॉपमध्ये सांगितलं का हो? सांगायला हवं होतं. अमेरिकेत 'प्रोजेक्ट मॅच' नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष १९९७ साली आले. दारूचे १,७२६ पेशंट आणि तीन पद्धती: विचार-वर्तनाची उपचारपद्धती, मिलर यांच्या पद्धतीवरची चार सेशन्स, आणि बारा पायऱ्यांकडे नेणारं समुपदेशन. तिन्हींचे निकाल जवळपास सारखे निघाले, आणि दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत काही ठिकाणी बारा पायऱ्या किंचित पुढेच होत्या. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र करून आढावा घेतला, त्यातही नीट आखून दिलेलं बारा पायऱ्यांचं काम दारू पूर्ण बंद राहण्यात इतर पद्धतींपेक्षा सरस दिसलं. हे मी काकांसारख्यांना पहिल्याच भेटीत सांगते. मुद्दाम गोड बोलायचं म्हणून नाही, खरं आहे म्हणून. त्यानंतर संभाषणाचा सूर बदलतो. खडसावणं हे बारा पायऱ्यांत कुठेही लिहिलेलं नाही, हेही मग त्यांचं त्यांनाच आठवतं.

आणखी एक. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलंनी त्यासाठी देणगी दिली, हे पुणेकरांना माहीत असतं. विसरतो ते हे, की बरा झालेला पेशंट पगारावर ठेवायचा आणि नव्या पेशंटसमोर बसवायचा, ही त्या काळात आपल्याकडे नवीच कल्पना होती. डॉक्टरी चौकटीत वाढलेल्यांना ती रुचणं सोपं नव्हतं. आज तुमच्या काकांची जी खुर्ची जुनी वाटते, ती कुणीतरी नव्याला जागा दिली म्हणून तिथे आहे. हे त्यांना ऐकवा, पण टोमणा वाटेल असं नको.

आता आमच्याकडे हीच पद्धत कशी रुजली ते सांगते. तिथेही असेच एक ज्येष्ठ होते, आम्ही त्यांना दादा म्हणतो. पुरंदर तालुक्यातले, घरची शेती, स्वतः चौदा वर्षं सोबर. मीटिंगमध्ये मी उत्साहाने योजना मांडली: पुढच्या महिन्यापासून सगळी सेशन्स नव्या पद्धतीने. दादांनी शांतपणे विचारलं, 'मॅडम, नवं बी आलं तर सगळ्या रानात पेरतं का कुणी? आधी एका वाफ्यात लावून बघतात.'

मी चिडले होते. घरी आल्यावर लक्षात आलं की दादा जे बोलले ते एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ सालीच लिहून ठेवलंय. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावरचं त्यांचं काम शेतीतूनच आलं. त्याआधी आयोवात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला याचा प्रसिद्ध अभ्यास झाला होता, तिथेही लोकांनी आधी थोड्या जमिनीत पेरून पाहिला. नवी गोष्ट थोडीशी करून बघता येते का, तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो का, आपल्या रीतीभातीत बसते का, फार किचकट तर नाही, आणि आहे त्यापेक्षा बरी आहे का, यावर तिचं नशीब ठरतं. दोन दिवसांचं वर्कशॉप म्हणजे सगळ्या रानात पेरा असं सांगणं. वाफा कुणी आखूनच देत नाही.

आम्ही वाफा आखला. डिटॉक्स (अंगातली दारू उतरवायचे पहिले दिवस) संपल्यावरचं पहिलं सेशन, त्यातलीही पहिली वीसच मिनिटं, तीही चार आठवडेच. बाकी सगळं दादांच्या पद्धतीने. अट एकच, ती वीस मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करायची. पेशंटची लेखी परवानगी घ्यायची, नाही म्हणाला तर विषय संपला. बुधवारी आम्ही चौघांनी ऐकायचं आणि लगेच पुसून टाकायचं. (परवानगीचं हसण्यावारी नेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये पेशंटच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास या कायद्याच्या व्याख्येत येतात.)

पहिल्या बुधवारची टेप दादांची होती. पेशंट टेम्पोचालक, मार्केट यार्डातला.

पेशंट म्हणतो, 'सर, मी श्रावण पाळतो. महिनाभर शिवत नाही.'

दादा म्हणतात, 'श्रावण पाळता म्हणजे उरलेले अकरा महिने पिता ना? यालाच डिनायल म्हणतात, व्यसन आहे हेच कबूल न करणं.'

'हो सर.'

इथून पुढे पंधरा मिनिटं दादाच बोलतात. लिव्हर, बायको, मुलीचं लग्न. चांगलं बोलतात, मनापासून बोलतात. मध्ये मध्ये 'हो सर' येतं. ऐकता ऐकता दादांनी समोरचा कागद ओढला आणि त्यावर रेघा मारायला लागले, पाचाचा गठ्ठा करून, आपण मतं मोजताना मारतो तशा. टेप संपली तेव्हा एकतीस रेघा होत्या. दादा कागदाकडे बघत म्हणाले, 'हा तर मला कटवतोय.'

त्या खोलीत मी काहीही बोलले नाही. बोलले असते तर दादांनी माझ्याशी वाद घातला असता. स्वतःच्या आवाजाशी कसा घालणार?

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका पेशंटने तेच सांगितलं. आपल्याकडे दहातले काही तरी हे सांगतातच: गटारीला कोटा पूर्ण करायचा, श्रावण पाळायचा, पोळा झाला की पुन्हा सुरू. या वेळी दादांनी विचारलं, 'महिनाभर? ते कसं काय जमवता?' आणि गप्प बसले. टेपवर नऊ सेकंद नुसता पंख्याचा आवाज आहे. मग तो माणूस बोलायला लागला तो सहा मिनिटं बोलला. बायको सोमवार करते म्हणून घरी वातावरण वेगळं असतं. बरोबरचे दोघंही महिनाभर पीत नाहीत. तो घरी जायचा रस्ता बदलतो, दुकानावरून जातच नाही. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाला, 'पहिले दोन-तीन दिवस हात लई कापतात. एका वर्षी तर रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, पण त्या नव्हत्याच.'

हे शेवटचं वाक्य त्याच्या केस-पेपरवर कुठेच नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या वेळी 'पूर्वी कधी भास?' याला त्याने 'नाही' सांगितलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत डिलिरियम (भान हरपून भास होणं), आणि त्यात माणूस दगावू शकतो. एकदा असं झालं असेल तर पुढच्या वेळी धोका जास्त. दादांनी त्याच दुपारी डॉक्टरांना सांगितलं, पेपरवर लाल शाईने लिहिलं गेलं, घरच्यांना बजावलं गेलं की पुन्हा प्यायला लागला तर पुढच्या श्रावणात घरच्या घरी सोडवायला जायचं नाही. दादांच्या मनात पद्धत रुजली ती इथे. 'यात माहिती जास्त मिळते,' असं ते आजही नव्या मुलांना सांगतात. सहानुभूती, स्वायत्तता वगैरे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत, मीही आग्रह धरला नाही.

या रीतीला आपल्या शेजारचा आधार आहे. गोव्यात संगथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी छोटं समुपदेशन करून पाहिलं, जास्तीत जास्त चार सेशन्स. ३७७ पुरुष होते, निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले लोक समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, तिथलेच साधे लोक होते. मग त्यांना जमलं कसं? ते एकमेकांच्या सेशनच्या टेपा गटात बसून ऐकायचे आणि गुण द्यायचे.

पण म्हणून प्रत्येक नकार म्हणजे अडेलतट्टूपणा समजू नका. काही नकार बरोबर असतात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेतून आलेल्या प्रशिक्षकांनी आम्हाला पाच रकान्यांचा तक्ता दिला: प्रसंग, विचार, भावना, पुरावा, पर्यायी विचार. इंग्रजीतून शब्दशः उतरवलेलं मराठी. आमचे निम्मे पेशंट हमाल, गवंडी, ड्रायव्हर. 'पर्यायी विचार' या रकान्यात एकाने लिहिलं, 'बियर'. समुपदेशकांनी महिनाभर तो तक्ता फाइल भरण्यापुरता स्वतःच भरला आणि मग सोडला. प्रशिक्षकांनी अहवालात 'कर्मचाऱ्यांचा प्रतिकार' असं लिहिलं. आमच्या एका समुपदेशक मुलीने मात्र त्यामागची कल्पना सोडली नाही. अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ सालच्या पुस्तकात जे धोक्याचे प्रसंग सांगितले, म्हणजे वाईट मनःस्थिती, भांडण, मित्रांचा आग्रह, ते तिने रस्त्यावर मांडले. कोऱ्या कागदावर पेशंटने यार्डाच्या गेटपासून घरापर्यंतचा रस्ता काढायचा. गंगाधाम चौक, बिबवेवाडी, कुठे दुकान, कुठे उधारी चालते, पगार कुठे मिळतो, कुठल्या वळणावर कोण हाक मारतं. मग दुसऱ्या रंगाने दुसरा रस्ता. लिहिता न येणारा माणूसही हे दहा मिनिटांत काढतो. आज ते नकाशे आमच्याकडे सगळे वापरतात, कुणी आदेश दिला नव्हता.

गोळ्यांच्या बाबतीत मी स्वतः आडवी आले होते, तेही सांगून टाकते. नाल्ट्रेक्झोन या ओढ कमी करणाऱ्या गोळीला अमेरिकेत १९९४ साली दारूच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे मिळायला लागल्यावरही कितीतरी वर्षं मी म्हणत राहिले, 'गोळीवरचं सोबर राहणं खरं नव्हे.' एका बँकेतल्या माणसाने मला सरळ विचारलं होतं, 'मॅडम, ओढ कमी करायची गोळी असते म्हणे?' मी त्याला मनाच्या ताकदीवर अर्धा तास ऐकवलं. तो पुन्हा आला नाही. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणंच मला जास्त छळतं. माझ्या नकारामागे कुठलाही अभ्यास नव्हता. गोळी चालली तर माझं काय काम, ही भीती होती. ती कबूल करायला आणखी दोन वर्षं गेली. गंमत अशी की त्याच काळात डायसल्फिरम मात्र आम्हाला चालायचं. ते १९४८ पासूनचं, त्याने प्यायल्यावर त्रास होतो, म्हणजे त्यात शिक्षा आहे, म्हणून ते पटायचं! (घरच्यांनी ते चोरून डाळीत घालणं आजही चालतं. अत्यंत धोकादायक आहे, माणूस दगावू शकतो. फॅमिली मीटिंगला हे दर वेळी सांगा.) ब्राउन शुगरच्या पेशंटबद्दल तर हा हट्ट जिवावर बेततो. महिनाभर केंद्रात राहून बाहेर पडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते, आणि त्याने जुन्याच मापाने घेतलं की ओव्हरडोस होतो. ब्युप्रेनॉर्फिनला (ब्राउन शुगरची ओढ थोपवणारं औषध) 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

बक्षिसांची पद्धत आमच्याकडे रुजली नाही. लघवीची तपासणी स्वच्छ आली की पेशंटने भांड्यातून चिठ्ठी काढायची, साधारण निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास', बाकीच्यांवर लहान-मोठी बक्षिसं. नॅन्सी पेट्री या अमेरिकी संशोधिकेने ती लोकप्रिय केली, पुरावा चांगला आहे. पण तपासणीच्या किटचा खर्च, आणि 'न पिण्याचं बक्षीस? मग आम्ही जन्मभर प्यायलो नाही, आम्हाला काय देता?' असं विचारणारे पेशंटचे वडील. देणगीदारांचंही तेच. एए मध्ये वर्ष झालं की बर्थडे साजरा करतात, टाळ्या वाजतात, मेडल देतात, ते मात्र सगळ्यांना गोड वाटतं.

सक्तीबद्दल. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बांधून ठेवणं, मारहाण, कोंडणं, घरच्यांशी संपर्क तोडणं याबाबत कुणाच्या तयारीचा प्रश्नच येत नाही. २०१७ चा तो कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. साखळीने बांधायला त्यात बंदी आहे आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण हा पेशंटचा हक्क आहे. हे संचालकांनी आदेश काढूनच करायचं, तिथे वाफा-बिफा काही नाही. पण समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, हे आदेशाने येत नाही. आदेश काढलात तर फाइलमध्ये नव्या पद्धतीचे शब्द दिसायला लागतील आणि खोलीत 'हो सर' चालूच राहील.

संचालकांना मानसिकतेऐवजी दुसरं काही विचारा. तीस पेशंट, चार समुपदेशक, त्यात अनुदानाचे फॉर्म, पालकांचे फोन, रात्रपाळी. टेप ऐकायला आठवड्यातला एक तास ड्यूटी म्हणून धरला जाईल का? तो धरला नाही तर काका तयार असूनही काही होणार नाही. आणि वर्कशॉप केलेली मुलगी सहा महिन्यांत हिंजवडीला एचआरमध्ये जाते, तेव्हा तिच्याबरोबर ती पद्धतही जाते. टिकतात ते काका. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला रुपया काकांवर लावा. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणी अहवालात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही मदत मिळाल्याचं दिसलं. जो एक आपल्यापर्यंत पोचतो त्याच्यासमोर बहुधा काकाच बसलेले असतात.

तुम्ही काय करावं? काकांच्या सेशनची टेप आधी मागू नका. स्वतःची न्या. त्यातली जी तुम्हाला ऐकवत नाही तीच निवडा, आणि त्यांना विचारा, 'काका, इथे हा माणूस माझ्या हातून निसटला, तुम्ही काय केलं असतंत?' अठरा वर्षं सोबर राहिलेला माणूस पेशंट कुठे निसटला हे तुमच्याआधी ओळखतो. कदाचित ते म्हणतील, 'इथे दोन शब्दांत खडसावायला हवं होतं.' म्हणू द्या. पुढच्या आठवड्यात दुसरी टेप न्या. आमचे दादाही स्वतःची टेप घेऊन आले तेव्हा आधी म्हणाले होते की मोबाइलचा आवाज नीट येत नाही.

तुमच्याकडे गुरुवारी पालकभेट असते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो दिवस गेला. बुधवारी दुपारी जेवणं झाल्यावर वॉर्ड शांत असतो. तेव्हा वीस मिनिटं धरा, दार लावून घ्या, चहा आधीच सांगून ठेवा.